वाचक विचारतात : साईट हळू उघडते, सीडीएन घेऊ का?

मागच्या अंकात होस्टिंगबद्दल (साईट ज्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्याबद्दल) लिहिताना सीडीएनचा नुसता उल्लेख केला होता, त्यावर भरपूर प्रश्न आले, म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सीडीएन म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. तुमच्या साईटच्या फाईल्सच्या प्रती जगभरातल्या बऱ्याच शहरांतल्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि माणूस जिथून साईट उघडतोय त्याच्या जवळच्या सर्व्हरवरून त्याला द्यायच्या, एवढंच ते. पण कुणाला घ्यावं, कुणाला नको आणि घेतल्यावर काय बघावं यात लोकांचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : सर, येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. वेबसाईट आहे, पण तिचा सर्व्हर अमेरिकेत आहे म्हणे, तेव्हा तोच स्वस्त पडला होता. आता साईट उघडायला एवढा वेळ लागतो की गिऱ्हाईक कंटाळून व्हॉट्सॲपवर फोटो मागतं. आमच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे, यूट्यूब लगेच चालू होतं, मग आमचीच साईट का अडते? एकजण म्हणतोय सीडीएन घ्या सगळं ठीक होईल. हे नक्की करतं काय?

उत्तर : आधी यूट्यूबचंच बघू. तुम्ही व्हिडीओ लावता तेव्हा बहुतेक वेळा तो अमेरिकेतून येतच नाही, गूगलने आपली कॅशची (प्रती साठवून ठेवायची) मशिनं इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांच्याच जागेत बसवून ठेवलीयेत, तिथून तो येतो. नेटफ्लिक्सचंही तसंच आहे, ओपन कनेक्ट नावाने ते आपली मशिनं अशीच ठिकठिकाणी देतात आणि ज्या वेळेला नेटवर्कवर गर्दी नसते तेव्हा पुढे लोक काय बघतील याचा अंदाज घेऊन पिक्चर आणि सिरीयल त्यात भरून ठेवतात. म्हणजे तुमचं फायबर चांगलं आहे हे खरंच, पण यूट्यूब पळतं ते माल जवळ असतो म्हणून.

आता तुमची साईट. येवल्यातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरळ रेषेत मोजलं तरी १३,००० किलोमीटरच्या आसपास होतं. प्रकाश पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो पण फायबरच्या काचेतून साधारण २ लाखच, म्हणजे नुसतं जायला ६५ मिलिसेकंद, परत यायला ६५, झाले १३०. आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, मुंबईहून समुद्रातून वळसे घेत युरोप, मग अटलांटिकच्या खालून अमेरिका, मध्ये कितीतरी राउटर, त्यामुळे प्रत्यक्षात एक फेरी २०० ते २५० मिलिसेकंदांची होते. हे तुम्ही १०० चं कनेक्शन ३०० एमबीपीएसचं केलं तरी कमी होणार नाही, कारण एमबीपीएस म्हणजे एका वेळी माल किती येतो, आणि इथे अडतंय ते जाऊन यायला लागणाऱ्या वेळात.

एकाच फेरीत काम झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण ब्राउझर तुमच्या सर्व्हरशी बोलायला लागतो तेव्हा पहिली फेरी फक्त कनेक्शन जोडायला जाते, दुसरी https च्या कुलूपकिल्लीला (या कामाच्या टीएलएस नावाच्या पद्धतीचं १.३ व्हर्जन असेल तर, ते २०१८ मध्ये आलं, जुन्या १.२ वर याच कामाला दोन फेऱ्या लागतात), आणि तिसरी फेरी "मला हे पान दे" म्हणायला आणि पानाचा पहिला तुकडा यायला. एक फेरी २२० मिलिसेकंदांची धरली तर स्क्रीनवर एक अक्षर दिसायच्या आधीच ६६० मिलिसेकंद गेले. आणि गंमत नाही पण खरं दुखणं याच्या पुढे आहे, जे फार कमी लोक सांगतात. नवीन कनेक्शनवर सर्व्हर सगळा माल एकदम ओतत नाही, रस्ता किती रुंद आहे त्याला माहीत नसतं, म्हणून आधी साधारण १४ केबी पाठवतो, पोच आली की २८, मग ५६, मग ११२ असं दुप्पट करत जातो. म्हणजे ४०० केबीचा एक फोटो यायला पाच फेऱ्या लागतात, त्याच्या आधी कनेक्शन जोडायच्या दोन, झाल्या सात. सात गुणिले २२० म्हणजे दीड सेकंदाच्या वर, एका फोटोला! हाच फोटो मुंबईतून आला आणि फेरी २० मिलिसेकंदांची असली तर १४० मिलिसेकंदांत त्या सात फेऱ्या संपतात. फेऱ्या तेवढ्याच आहेत, फोटो तोच आहे, फक्त अंतर कमी झालंय.

सीडीएन हे अंतर कमी करतं. मोठ्या सीडीएनवाल्यांचे, म्हणजे अकामाई, क्लाउडफ्लेअर, ॲमेझॉनचं क्लाउडफ्रंट, फास्टली, या सगळ्यांचे सर्व्हर मुंबईत आहेत. मुंबईच्या सर्व्हरवर तुमच्या पैठणीच्या फोटोची प्रत पहिल्यांदा कुणीतरी मागितली की येते आणि मग तिथेच राहते, पुढच्या माणसाला तिथूनच मिळते. आणि ज्या गोष्टीची प्रत ठेवता येत नाही, समजा गिऱ्हाईकाची ऑर्डर, तिथेही फायदा होतो, कारण कनेक्शन जोडायच्या फेऱ्या मुंबईपर्यंतच होतात आणि मुंबई ते अमेरिका हे कनेक्शन सीडीएनने आधीच जोडून गरम ठेवलेलं असतं, लांबची फेरी एकदाच होते.

पण मी तुमच्या साईटची पानं बघितली आणि तिथे काही फोटो ४-५ एमबीचे आहेत, कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेत. पदराच्या नक्षीचा बारकावा दिसला पाहिजे हे मला मान्य आहे, पैठणी विकायची तर तो दिसलाच पाहिजे, पण यादीच्या पानावर छोट्या चौकोनात दिसणाऱ्या फोटोला एवढं वजन लागत नाही. यादीसाठी वेबपी नावाच्या हलक्या फॉर्मॅटमध्ये लहान फोटो करा, मोठा फोटो गिऱ्हाईकाने त्यावर बोट ठेवलं की मगच येऊ दे. हे आधी करा. दुसरं, तुमचं बहुतेक गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर होस्टिंगच मुंबईत आणा, आता तसे पर्याय भरपूर आहेत, ॲमेझॉनने मुंबईत सर्व्हरचं सेंटर टाकलं त्यालाच २०१६ पासूनचा काळ झाला. तिसरं सीडीएन, ते फ्री प्लॅनचंही चालेल. याच क्रमाने. सीडीएन आधी लावलं आणि फोटो तसेच राहिले तर ४ एमबीचा फोटो जवळून येईल इतकंच, मोबाईलवरच्या माणसाला तो जडच जाणार.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतहून लिहितोय, द्राक्ष एक्स्पोर्टचा आमचा धंदा आहे. साईट मुंबईच्या सर्व्हरवर आहे आणि आम्हाला इथून फास्ट दिसते, पण नेदरलँड आणि यूकेचे खरेदीदार म्हणतात स्लो आहे. आमचा साईटवाला म्हणतो त्यांचं नेट खराब असेल. खरं काय?

उत्तर : खरेदीदारांचं ऐका. वरच्या येवल्याच्या उत्तरात जे अमेरिकेचं झालंय तेच तुमच्याकडे उलट्या दिशेने होतंय, नाशिकहून मुंबई १७० किलोमीटर, आणि रॉटरडॅमहून मुंबई हजारो, त्यांची एक फेरी १०० मिलिसेकंदांच्या वरच जाणार. तुमच्यासारख्यांना सीडीएनचा सगळ्यात जास्त उपयोग आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मालक नाशिकला, सर्व्हर मुंबईत आणि बघणारा युरोपात. ऑफिसात बसून साईट उघडून "फास्ट तर आहे" म्हणणं हे मोजमाप नाही. वेबपेजटेस्टसारख्या साईटवर शहर निवडून तपासता येतं, तिथे ॲमस्टरडॅम किंवा लंडन निवडून बघा आणि तोच आकडा तुमच्या साईटवाल्याला दाखवा.

एक काळजी घ्या. बागेचे फोटो, पॅकहाउसची माहिती, सर्टिफिकेटची पानं, सीझनचं वेळापत्रक हे सगळं सीडीएनवर जाऊ द्या. पण प्रत्येक खरेदीदाराला लॉगिन करून मिळणारे त्याचे रेट, त्याच्या कंटेनरचे कागद, रेसिड्यूचे रिपोर्ट, यांची प्रत सीडीएनवर राहता कामा नये, त्या पानांना सर्व्हरकडूनच "नो-स्टोअर" (प्रत ठेवू नका) असा हेडर, म्हणजे पानासोबत जाणारी सूचना, लावून घ्या. हे का एवढं ठासून सांगतोय ते खाली कुंभमेळ्याच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : सराफ बाजारात आमचं दुकान आहे. साईटवर रोज सकाळी सोन्याचा भाव बदलतो. सीडीएन लावल्यापासून काही लोकांना कालचाच भाव दिसतो आणि दुकानात येऊन वाद घालतात. सीडीएनवर "पर्ज" नावाचं बटण आहे ते दाबलं तरी काहींना जुनंच दिसतं. काढून टाकू का सीडीएन?

उत्तर : काढू नका, दोष सीडीएनचा नाही, कुठली गोष्ट किती वेळ जुनी चालेल हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

औषधाच्या दुकानासारखं समजा, कंपनीने गोळ्यांच्या पाकिटावर एक्स्पायरी छापून दिली की गल्लीतला मेडिकलवाला त्या तारखेपर्यंत कंपनीला न विचारता विकतो आणि तारीख गेली की नवीन माल मागवतो. तुमच्या सर्व्हरने प्रत्येक फाईलवर अशी एक्स्पायरी छापायची असते, तिला कॅश-कंट्रोल हेडर म्हणतात, त्यात मॅक्स-एज म्हणून सेकंद लिहायचे. ६० लिहिलं तर एक मिनिट, ८६४०० लिहिलं तर एक दिवस. तुमच्याकडे बहुतेक सगळ्यालाच एक दिवस लावलाय, लोगोलाही आणि भावालाही. आणि पर्ज म्हणजे कंपनीने दुकानातला लॉट परत बोलावणं, दुकानातून तो जाईल, पण कुणी काल घरी नेलेलं पाकीट त्याच्या कपाटात तसंच राहणार. तुमच्या गिऱ्हाईकाच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये जी प्रत पडलीये तिच्यापर्यंत पर्ज पोचतच नाही, म्हणून काहींना जुनं दिसतं.

त्यासाठी दोन वेगळे आकडे देता येतात. मॅक्स-एज ब्राउझरसाठी आणि एस-मॅक्सएज मधल्या सीडीएनसाठी. भावाच्या पानाला मॅक्स-एज शून्य ठेवा म्हणजे ब्राउझर प्रत्येक वेळी विचारेल, आणि एस-मॅक्सएज ३० किंवा ६० सेकंद ठेवा म्हणजे सीडीएनची प्रत जास्तीत जास्त मिनिटभर जुनी राहील, भाव बदलला की पर्ज करा म्हणजे तेवढीही नाही. ब्राउझरने विचारलं म्हणून दरवेळी सगळं पान परत येतं असंही नाही, ईटॅग नावाची खूण असते, ती जुळली तर सर्व्हर नुसतं "बदल नाही" असं ३०४ चं उत्तर देतो, ते अगदी हलकं असतं.

याच्या उलट दागिन्यांचे फोटो, लोगो, फॉन्ट, डिझाईनच्या फाईली यांना एक वर्ष लावा, म्हणजे ३१५३६००० सेकंद. आणि फोटो बदलायचा असेल तेव्हा त्याच नावाने नवीन फोटो चढवू नका, नाव बदला, हार-२, हार-३ असं. नाव नवीन म्हणजे ब्राउझरच्या आणि सीडीएनच्या दृष्टीने वस्तूच नवीन, जुन्या प्रतीचा संबंधच येत नाही, पर्जही करावं लागत नाही. मला ही पद्धत पर्जपेक्षा कितीतरी खात्रीची वाटते आणि ज्यांच्या साईटवर फोटो सारखे बदलतात त्यांनी सगळ्यांनी ती धरावी असं मी कळकळीने सांगेन, कारण पर्ज विसरलं जातं, नाव विसरलं जात नाही.

प्रश्न : मी नाशिकच्या इंजिनीअरिंग कॉलेजला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा मोबाईल जवळच्या सर्व्हरकडे जातो असं सगळे म्हणतात, पण मोबाईलला जवळचा कोणता हे कळतं कसं? आणि एका शहरात सीडीएनचे पुष्कळ सर्व्हर असतील तर कुठली फाईल कुठल्या सर्व्हरवर हे कसं ठरतं?

उत्तर : दोन्ही प्रश्न फार चांगले विचारलेस. मोबाईलला काहीच कळत नाही, ते नेटवर्क ठरवतं आणि त्याच्या मुख्य दोन रीती आहेत.

पहिली डीएनएसची. तू साईटचं नाव टाकतोस, त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता) कोण सांगणार तर डीएनएस, आणि सीडीएनचा डीएनएस प्रत्येकाला वेगळा पत्ता देतो, नाशिकवाल्याला मुंबईचा, बर्लिनवाल्याला जर्मनीतला. यात एक खोच आहे. सीडीएनच्या डीएनएसला तू दिसत नाहीस, तुझ्या वतीने विचारणारा रिझॉल्व्हर दिसतो, आणि तो रिझॉल्व्हर लांब कुठेतरी असला तर तुला त्याच्या जवळचा सर्व्हर मिळतो, तुझ्या जवळचा नाही. यावर उपाय म्हणून रिझॉल्व्हरने प्रश्नासोबत विचारणाऱ्याच्या नेटवर्कचा थोडा पत्ता पुढे पाठवायची सोय निघाली, काही रिझॉल्व्हर ती पाळतात, काही खाजगीपणासाठी मुद्दाम पाळत नाहीत.

दुसरी रीत एनीकास्टची. यात एकच आयपी पत्ता जगभरातल्या सगळ्या सेंटरमधून जाहीर करतात आणि बीजीपी नावाची राउटरची जी पद्धत आहे ती तुझं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) तिच्या हिशोबाने सोयीच्या सेंटरकडे नेते. क्लाउडफ्लेअर असंच चालतं. पण बीजीपी किलोमीटर मोजत नाही, कुठल्या कंपनीचं कुणाशी कनेक्शन आहे आणि कुठला रस्ता तिला परवडतो यावर रस्ता ठरतो, त्यामुळे मुंबईत सेंटर असूनही एखाद्या नेटवर्कवरून तुझं पॅकेट भलत्याच देशात जाऊ शकतं. हे तू स्वतः बघू शकतोस. क्लाउडफ्लेअरवरची कुठलीही साईट क्रोममध्ये उघड, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर जा, रिस्पॉन्स हेडरमध्ये सीएफ-रे नावाची ओळ सापडेल, तिच्या शेवटी तीन अक्षरं असतात, ती विमानतळाचा कोड असतात. बीओएम असेल तर मुंबई. दुसरं काही असेल तर तोच प्रयोग घरच्या वायफायवर, मग मोबाईल डेटावर, मग मित्राच्या दुसऱ्या सिमवर कर आणि फरक बघ. तिथेच सीएफ-कॅश-स्टेटस नावाची ओळ आहे, हिट म्हणजे प्रत जवळच होती, मिस म्हणजे मूळ सर्व्हरकडून आणावी लागली, डायनॅमिक म्हणजे कॅशमध्ये ठेवायचा विचारच केलेला नाही.

आता सर्व्हरचं. समजा मुंबईत १० सर्व्हर आहेत आणि फाईलच्या नावाचा हॅश (ठरलेल्या गणिताने निघणारा आकडा) काढून त्याला १० ने भागून बाकी बघून सर्व्हर ठरवला. चालेल. पण एक सर्व्हर बंद पडला की भागायचं ९ ने, आणि जवळपास सगळ्या फाईलींचे सर्व्हर बदलतात, म्हणजे सगळी कॅश एका क्षणात निरुपयोगी आणि सगळा लोंढा मूळ सर्व्हरवर. यावर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या लोकांनी १९९७ मध्ये कन्सिस्टंट हॅशिंग मांडलं, त्यात सर्व्हर आणि फाईली दोन्ही एका वर्तुळावर बसवायच्या आणि फाईलपासून पुढे जाताना जो पहिला सर्व्हर लागेल तो तिचा. एक सर्व्हर गेला तर फक्त त्याच्याच वाट्याच्या फाईली हलतात, बाकीच्यांना धक्का नाही. त्या गटात टॉम लेटन हे प्राध्यापक होते आणि डॅनी लेविन हा त्यांचा विद्यार्थी, दोघांनी मिळून १९९८ मध्ये अकामाई काढली. लेविन ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या पहिल्या विमानात होता आणि त्यात गेला, वय अवघं ३१. आपण रोज जे वापरतो त्यात त्याचं केवढं काम आहे हे तुझ्या वर्गात बाकीच्यांनाही सांग. आणि कन्सिस्टंट हॅशिंग स्वतः कोड करून बघ, शंभरेक ओळींत होतं, डीबीएमएस आणि क्लाउडच्या विषयांतही परत भेटेल.

प्रश्न : आमचं त्र्यंबक रोडला लॉज आहे आणि आजूबाजूच्या होमस्टेवाल्यांना घेऊन आम्ही २०२७ च्या सिंहस्थासाठी एक बुकिंगची साईट करतोय. स्नानाच्या तारखांच्या आधी एकदम हजारो लोक येतील. डेव्हलपर म्हणतो सीडीएन लावलं की कितीही लोड येऊ दे. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमची साईट पडेल, म्हणून याला जरा जास्त जागा घेतो.

सीडीएन गर्दी झेलतं ते सगळे एकच गोष्ट मागत असले तर. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक बघत होते, ते शक्य झालं कारण लाइव्ह व्हिडीओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि त्या क्षणी सगळ्यांना तोच तुकडा हवा असतो, एकदा शहरातल्या कॅशमध्ये आला की लाखोंना देता येतो. तुमच्याकडे खोल्यांचे फोटो, नकाशा, घाटापासूनचं अंतर, नियम, हे सगळं तसंच आहे, ते हजारांनी बघू दे नाहीतर लाखांनी, तुमच्या सर्व्हरला कळणारही नाही. पण "२ तारखेला दोन खोल्या आहेत का" हा प्रश्न आणि पैसे भरायची पायरी, हे प्रत्येकाचं वेगळं, ते थेट तुमच्या डेटाबेसवर येणार.

तिथेही काही करता येतं. कुठल्या तारखेला किती खोल्या शिल्लक ही यादी फक्त १० सेकंद कॅशमध्ये ठेवा. ऐकायला फालतू वाटतं पण बघा, सेकंदाला ५०० लोक ती यादी मागत असतील तर १० सेकंदांत ५००० वेळा डेटाबेसला विचारलं गेलं असतं, त्याऐवजी सीडीएनच्या एका सेंटरमागे एकदा विचारलं जातं. आणि प्रत संपली त्याच क्षणी शंभर जणांनी मागितली तर? चांगली सीडीएन त्यातला एकच प्रश्न मागे पाठवतात आणि बाकीच्यांना थांबवून तेच उत्तर सगळ्यांना देतात, ही सोय तुमच्या सीडीएनमध्ये चालू आहे का ते डेव्हलपरला विचारा. यादी १० सेकंद जुनी असल्याने कधी संपलेली खोली शिल्लक दिसेल, चालेल, फक्त "बुक करा" दाबल्यावरची तपासणी कॅशमधून होता कामा नये, ती ताज्या डेटाबेसवरच.

दुसरी गोष्ट, जाहिरातीची. तुम्ही फेसबुकवर लिंक टाकणार, तिथून येणाऱ्या प्रत्येक क्लिकला फेसबुक लिंकच्या मागे एफबीसीएलआयडी नावाचं लांबलचक शेपूट जोडतं आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. सीडीएन पूर्ण पत्ता बघतं, त्याला वाटतं हे नवीनच पान, आणि जातं मूळ सर्व्हरकडे. म्हणजे जाहिरात जितकी चांगली चालेल तितकं सीडीएन निकामी. सेटिंगमध्ये अशी शेपटं दुर्लक्षित करायला सांगता येतं, ते आत्ताच करून घ्या. तसंच पहिल्या पानावरच प्रत्येकाला कुकी (ब्राउझरमध्ये ठेवायची ओळखीची छोटी नोंद) देणारं एखादं प्लगइन असेल तर बरीच सीडीएन ते पान कॅश करतच नाहीत. क्लाउडफ्लेअर तर मुळात फोटो, सीएसएस (पानाची सजावट) अशा फाईलीच कॅश करतं, एचटीएमएल म्हणजे मजकुराचं मूळ पान तुम्ही वेगळं सांगितल्याशिवाय नाही, आणि कित्येकांना हे माहीतच नसतं, लावलं एकदा की झालं समजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गर्दीच्या भीतीने कुणीतरी "सगळंच कॅश करा" असा नियम लावतो. मग एका भाविकाचं बुकिंगचं पान, नाव, फोन, सगळं दुसऱ्याला दिसतं. हे माझ्या मनातलं भय नाही, २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानावर हल्ला चालू होता, लोड सांभाळायला कॅशचे नियम बदलले गेले आणि त्यात चूक होऊन सुमारे ३४,००० लोकांची पानं दुसऱ्यांना दिसली, काहींचे पत्ते आणि ईमेलसकट. तुमच्या साईटवर आधारचे फोटो चढणार आहेत, म्हणून लॉगिनच्या मागचं प्रत्येक पान "प्रायव्हेट, नो-स्टोअर" आहे का ते दोन वेगळ्या मोबाईलवर दोन खाती उघडून स्वतः तपासा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, ही तपासणी गर्दी सुरू व्हायच्या बरीच आधी झाली पाहिजे, गर्दीत कॅशचे नियम बदलायला जाऊ नका.

प्रश्न : सुरगाण्याला आमच्याकडे रेंजच कमी असते. सीडीएनवाली साईट इथे फास्ट चालेल का?

उत्तर : ताई, थोडीफार. टॉवर ते मोबाईल हा शेवटचा टप्पा कुठलंही सीडीएन बदलू शकत नाही. पण कमी रेंजमध्ये पॅकेट हरवतात आणि हरवलेलं परत मागवायला पुन्हा एक फेरी लागते, ती फेरी मुंबईपर्यंतची असली तर अमेरिकेपेक्षा बरी. बहुतेक सीडीएन एचटीटीपी-३ (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची नवी पद्धत) देतात, त्यात एक पॅकेट हरवलं म्हणून पानावरच्या बाकीच्या फाईली अडून बसत नाहीत, तो फरक खेड्यात शहरापेक्षा जास्त जाणवतो. बाकी साईट करणाऱ्यांनी आपली साईट एकदा सुरगाणा, पेठ, कळवण भागात उभं राहून साध्या मोबाईलवर उघडून बघावी असं मला फार वाटतं.

प्रश्न : जेक्वेरीसारख्या लायब्ररी (तयार कोडच्या फाईली) आणि गूगल फॉन्ट आम्ही पब्लिक सीडीएनवरून घेतो, कारण दुसऱ्या साईटवर आधीच डाउनलोड झालेलं असेल तर आपल्याला फुकट मिळतं. बरोबर ना?

उत्तर : एकेकाळी बरोबर होतं. आता ब्राउझर प्रत्येक साईटची कॅश वेगळी ठेवतात, सफारी आधीपासून, क्रोम २०२० पासून, त्यामुळे दुसऱ्या साईटने आणलेली फाईल तुमच्या कामाची नाही. उलट नवीन ठिकाणी कनेक्शन जोडायच्या फेऱ्या वाढतात. त्या फाईली आपल्याच डोमेनवर (साईटच्या नावावर) ठेवा आणि आपल्याच सीडीएनमधून जाऊ द्या. सुरक्षेचंही आहे, पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि जूनमध्ये तिथून येणारी स्क्रिप्ट लोकांना भलत्या साईटवर पाठवायला लागली, एक लाखाच्या वर साईट तिथून ती स्क्रिप्ट घेत होत्या. बाहेरून घ्यावंच लागलं तर इंटिग्रिटीचा हॅश लावा, फाईल बदलली तर ब्राउझर ती चालवणारच नाही.

प्रश्न : सगळं एका सीडीएनवर टाकलं आणि तेच बंद पडलं तर? नोव्हेंबरमध्ये आमच्या कॉलेज रोडच्या क्लासची साईट संध्याकाळी गेली होती.

उत्तर : १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर बंद पडलं होतं ती तारीख असणार, त्यांच्या बॉट (माणसाऐवजी साईट उघडणारे प्रोग्रॅम) ओळखायच्या सिस्टीमची एक फाईल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्रॅम कोसळला. त्याआधी ८ जून २०२१ ला फास्टलीचं झालं होतं, एका ग्राहकाने केलेल्या साध्या सेटिंगच्या बदलाने लपलेला बग जागा झाला आणि त्यांचं बहुतेक नेटवर्क एरर द्यायला लागलं, ४९ मिनिटांत ९५ टक्के पूर्ववत केलं त्यांनी. तर बंद पडतं, हो. मोठ्या कंपन्या दोन सीडीएन ठेवतात. क्लासच्या साईटला तो खर्च करू नका, तुमचा स्वतःचा सर्व्हर वर्षभरात यापेक्षा जास्त वेळ बंद असतो बहुतेक.

मात्र एक गोष्ट हातात ठेवा, डोमेनचं रजिस्ट्रारवरचं (ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिथलं) लॉगिन. ते साईट करून देणाऱ्याच्या नावावर असतं आणि गरजेच्या वेळी तो फोन उचलत नाही, असं खूप वाचक लिहितात. आणि त्या दिवशी क्लाउडफ्लेअरच्या डॅशबोर्डमध्येही बऱ्याच लोकांना शिरता येत नव्हतं, त्यामुळे सीडीएन बंद करून साईट थेट सर्व्हरवरून चालवायची तर तो रस्ताही अडला होता. ज्यांचा डीएनएस वेगळ्या ठिकाणी होता त्यांना तो बदलता आला. तुमचा डीएनएस कुठे आहे, मूळ सर्व्हरचा आयपी काय आहे आणि रजिस्ट्रारचं लॉगिन कुणाकडे आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून क्लासच्या ऑफिसात ठेवा, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी लिंक जाणार असेल तर निकालाची पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायची तयारी ठेवा.